अनोळखी खातं

१

आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात पाइपलाइन टाकलेली होती, पण तिच्यातून पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तेरा सालच्या उन्हाळ्यात तर जायकवाडीनंच तळ दाखवला, तिथं आमच्या नळाचं काय घेऊन बसलात! बिल्डिंगा मात्र उगवत होत्या. चारही बाजूंना खोदकाम, आणि दुपारपर्यंत घरात अशी धूळ बसायची की टीपॉयवर बोटानं नाव लिहावं.

घरात आम्ही चौघं. मी मनस्विनी, बँकेत नोकरीला. माझे यजमान श्रीरंग वाळूजच्या एका कंपनीत खरेदी विभागात. मुलगी स्वरदा, चौथीतली. आणि माझे सासरे अनंतराव, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतो. नानांची नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. उभा जन्म धरणाची पातळी बघण्यात गेल्यामुळं घरातल्या पाण्याचा कारभारही त्यांनी आपणहून ताब्यात घेतला होता. आंघोळीला माणशी एक बादली. प्रत्येक बादलीवर लाल ऑइलपेंटनं त्या माणसाचं आद्याक्षर. दुसऱ्याच्या बादलीत मग बुडवला की जेवायला बसल्यावर भाषण ठरलेलं.

बादलीच्या बाबतीत एवढं तुझं-माझं करणारा माणूस कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र अगदी संत. हॉलमधला कॉम्प्युटर सगळ्यांचा, त्यातलं सगळं सगळ्यांचं. मी चाळिशी उलटल्यावर गाणं शिकायला लागले होते आणि रियाज रेकॉर्ड करून एका फोल्डरात ठेवत होते. नानांनी तो शोधून काढला आणि गुरुवारी भजनाला आलेल्या मंडळींना स्पीकर लावून ऐकवला. माझा बेसूर भूप! वर कौतुकानं विचारलं, "कशी गाते आमची सून?" मंडळी काय बोलणार, बिचारी चहा पीत बसली.

"अहो, त्या फोल्डरला कुलूप लावा," मी श्रीरंगना सांगितलं, "नाहीतर मी ते यंत्र गच्चीवरून खाली टाकते."

२

रविवारी श्रीरंग कॉम्प्युटरसमोर बसले. आतापर्यंत सगळे एकाच नावानं आत जायचो. आता प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, आणि ज्याचा फोल्डर त्याला एकट्यालाच उघडणार. नावाशेजारी प्रत्येकाचं चित्र. मला फूल, स्वरदाला मासा, नानांना बुद्धिबळ. स्वतःला श्रीरंगनी घोडा घेतला, मी काही बोलले नाही.

"एक जुनं खातं पडून होतं," ते उठता उठता म्हणाले. "फुटबॉलचं चित्र असलेलं. ते उडवलं."

"कुणाचं होतं?"

"काय माहीत. दुकानदारानं टाकलं असेल. नाव काहीतरी होतं... आता आठवत नाही. आत फायली होत्या, ठेवू का विचारत होतं, म्हटलं ठेव."

आमच्या घरात फुटबॉल कुणी खेळत नाही. मी पोळ्या लाटत होते, तेव्हा हा विषय तिथंच संपला. संध्याकाळी श्रीरंग गुलमंडीवरून कुल्फ्या घेऊन आले. चौघांनी खाल्ल्या तरी एक उरली. दुकानदारानं चुकून जास्त दिली असेल, असं ते म्हणाले. ती वाटीत वितळली आणि शेवटी नानांनी पिऊन टाकली.

३

टँकर आणायचा अजिनाथ, मूळचा पिशोरकडचा. घरची मेंढरं विकून ड्रायव्हर झालेला. तो खाली पाइप जोडायचा, मी वर बाल्कनीत त्याचं तोंड धरायचे, आणि नाना ड्रम आणि बादल्या भरून घ्यायचे.

त्या दिवशी नानांनी पाच बादल्या भरल्या.

"नाना, ही निळी कुणाची?"

नानांनी बादलीकडं पाहिलं. तिच्यावर अक्षर नव्हतं. अक्षराच्या जागी प्लास्टिक खरखरीत झालं होतं, कुणीतरी घासून काढल्यासारखं.

"फरशी पुसायची असेल."

"फरशीला एवढं चांगलं पाणी? तुम्ही? धन्य आहे!"

"हात गेला, भरली," नाना चिडून म्हणाले. "उचल आता, ठेव आत."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी बादली रिकामी होती. आतला मग पालथा, मोरी ओली, साबणाला फेस. नानांनी घर डोक्यावर घेतलं. स्वरदाला दरडावलं, श्रीरंगना टोमणे मारले, मलाही सोडलं नाही. प्रत्येकाची आपापली बादली वापरून झालेली होती. दुष्काळात एकवेळ दागिना हरवला तर घर गप्प बसेल, बादलीभर पाणी हरवलं तर नाही बसत. पण खेपेगणिक तेच व्हायला लागलं. नाना पाच भरायचे आणि सकाळी पाचही रिकाम्या असायच्या. गंमत म्हणजे न भरण्याचा विचार त्यांच्याही मनात कधी आला नाही.

पुढच्या टँकरला अजिनाथनं खालून हाक मारली. "ताई, तुमची मोठी पोरगी दिसंना? कुठं गावाला गेली काय?"

"मोठी कुठली? मला एकच मुलगी आहे."

"आं? पाइप धराया तीच असती की! लई उंच पोरगी. नाक तर अगदी तुमच्यावानी."

"दुसऱ्या कुणाच्या घरचं असेल डोक्यात."

"असंल बा," तो म्हणाला, पण वर बघतच राहिला.

तो दिवसभर घरोघर फिरणारा माणूस, त्याची गल्लत होणारच. मी मनाशी असं पक्कं केलं आणि पाइप धरला. पाणी सुरू झालं तसा पाइप हातात उसळला आणि माझा पदर भिजला. तेव्हा लक्षात आलं, पाइप कसा धरायचा ते माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. मग इतके महिने पाइप कोण धरत होतं?

४

माझ्या फोल्डरचं कुलूप नीट लागलंय का, ते मी एका सुट्टीच्या दिवशी तपासलं. बँकेत हे माझ्या अंगवळणी पडलेलं होतं. बदलून गेलेल्या माणसाचं नाव त्याच दिवशी यादीतून काढायचं काम माझ्याकडंच. फोल्डर कुणाकुणाला उघडतो, ती यादी उघडली. वर माझं नाव होतं. त्याखाली लिहिलेलं होतं, 'अनोळखी खातं', आणि पुढं एक लांबलचक आकडा. त्याला सगळे हक्क होते. उघडायचा, बदलायचा, पुसायचा, सगळे.

मी आमच्या बँकेच्या सिस्टिम विभागातल्या मोतीरामना फोन लावला.

"मॅडम, ते काढून टाकलेलं माणूस आहे," ते म्हणाले. "खातं उडवलं की नाव जातं. पण फोल्डरवर त्याला दिलेला हक्क तसाच राहतो. कॉम्प्युटरला मग नाव सापडत नाही, नुसता आकडा दिसतो."

"हा हक्क कुणी दिला असेल?"

"फोल्डर तुमचा ना? मग तुम्हीच."

"मी नवऱ्याला दिलेला नाही हो!"

ते हसले. मला हसू आलं नाही. "त्याच नावाचं खातं परत काढलं तर?" मी विचारलं.

"नाव तेच द्या, पण आकडा नवीन पडतो. जुना काय परत येत नाही, मॅडम."

फोन ठेवून मी माझंच एक रेकॉर्डिंग लावलं. हिवाळ्यातलं, दुपारचं, स्वरदा शाळेत आणि नाना झोपलेले असतानाचं. मी भूप गातेय. मधेच थांबून विचारतेय, "कसं झालं गं?" मग थोडी शांतता. आणि मग मी खळखळून हसतेय. "गप गं, तुझ्यासारखं मला नाही येत," असं म्हणतेय. परत शांतता. परत माझं हसणं.

सगळी रेकॉर्डिंग्ज मी ऐकली. प्रत्येकात अशा जागा होत्या. मी कुणाशी तरी बोलत होते आणि मला उत्तरं मिळत होती. दुसरा आवाज मात्र कुठंच नव्हता. आवाजाएवढी जागा तेवढी रिकामी.

५

मेची सुट्टी लागली. मी दोन-तीन दिवस रजा टाकली होती. दुपारी वीज आली की पंखा सुरू व्हायचा आणि नाना-स्वरदा आतल्या खोलीत झोपायचे. मी स्वयंपाकघरात कैऱ्या किसत बसले होते. हॉलमधून खुर्चीची चाकं फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मग कीबोर्डची टकटक, भरभर, दहा बोटांनी केलेली. नाना एका बोटानं टाइप करतात, श्रीरंग दोन.

"स्वरदा, झोप म्हटलं ना!"

टकटक थांबली. मी हात पुसत बाहेर आले. हॉल रिकामा होता. खुर्ची हळूहळू वळून थांबत होती आणि तिची बैठक वर चढवलेली होती, उंच माणसाला लागते तेवढी. स्क्रीनवर आमची चार नावं, चार चित्रं. चौथ्याच्या खाली एक जागा मोकळी. आतल्या खोलीत स्वरदा पोटावर पालथी गाढ झोपलेली.

आमच्या घरात एक तिसरी खोली आहे. तिला आम्ही अडगळीची म्हणायचो, पण अडगळ तिच्यात नव्हती. खिडकीशी टेबल, भिंतीला दोन हुक, बस. घरातली सगळ्यात जास्त उजेडाची खोली आपण अडगळीला का दिली, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा स्वतःला विचारलं. टेबलावरून हात फिरवला. घरभर बोटबोट धूळ आणि त्या टेबलावर कणही नव्हता.

संध्याकाळी स्वरदा टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभी होती.

"जा ना, काय उभी राहिलीस?"

"आई, आत आहे."

"कोण आहे आत? बाबा आले नाहीत, नाना खाली गेलेत."

तिनं तोंड उघडलं. नाव सांगायला उघडलं होतं, अगदी सवयीनं, हे मला स्पष्ट दिसलं. ओठांची हालचाल झाली पण शब्द आलाच नाही. पोरीचा चेहरा बघता बघता वेडावाकडा झाला.

"आई, मला तिचं नाव येत नाहीये," असं म्हणून ती जी रडायला लागली, की मीही तिला पोटाशी धरून तिथंच बसले. बाथरूमचं दार उघडंच होतं. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मी मान वळवली नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. साबणाचा वास आला आणि माझ्या छातीत कळ आली. लेकरू तापात असलं की येते, तशी.

६

मी श्रीरंगना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, हेच वाईट झालं. बराच वेळ बुटांच्या नाड्या हातात घेऊन बसले.

"त्या खात्याच्या फायली मी ठेवल्या होत्या," ते म्हणाले. "दाखवतो."

कॉम्प्युटरमध्ये एका बाजूला एक फोल्डर होता. त्याला नाव म्हणून तोच आकडा. क्लिक केलं की एकच उत्तर, प्रवेश नाही. श्रीरंगच्या नावानं नाही, माझ्या नावानं नाही. पण त्याचा आकार दिसत होता. दोन दिवसांनी पाहिलं तर वाढलेला. आत कुणीतरी अजून काहीतरी ठेवत होतं.

मोतीरामना परत फोन केला. ते म्हणाले, "मालकी स्वतःकडं घेऊन टाका. मग तुम्हाला उघडेल."

"आणि त्या अनोळखी खात्याचं?"

"मग त्याचा हक्क संपला. तेवढीच त्याची शेवटची खूण असते, मॅडम. तशीही ती कुणाच्या कामाची नसते."

म्हणून मी काहीच केलं नाही. ठरवलंच तसं. ना उघडायचं, ना काढायचं. पाणी भरायचं आणि गप्प बसायचं. नानांच्या आधी मीच निळी बादली पाइपखाली सरकवायला लागले. पोळ्या जास्तीच्या करायला लागले. माझ्याच घरात मी कुणालातरी लपवून सांभाळत होते आणि मला त्यात समाधान वाटत होतं.

पण एका सकाळी निळ्या बादलीत तळाशी पाणी उरलेलं दिसलं. पुढच्या खेपेला पाव बादली उरली. त्याच्या पुढच्या खेपेला अर्धी. फोल्डरचा आकार वाढायचा थांबला. अडगळीच्या टेबलावर कडेकडेनं धूळ धरायला लागली. स्वरदा हाक मारल्यासारखी तोंड उघडायची, तेही ती विसरली. मी विचारलं तर म्हणाली, "कोण ती?"

"अहो, ती चाललीय," मी श्रीरंगना म्हटलं.

"कोण चाललीय, मनू?"

"तेच तर! मला तिचं नाव पाहिजे. नाव असलं तर हाक मारता येईल. त्या फोल्डरात कुठंतरी असेलच की लिहिलेलं. शाळेचं काही, वाढदिवसाचं काही."

"आणि नसलं तर? मोतीराम काय म्हणाले ऐकलंस ना? उघडलास तर..."

"नाही उघडला तरी ती चाललीच आहे!"

खुर्ची ओढून त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

७

रविवार सकाळ होती. नाना पेपर वाचत होते, स्वरदा खाली खेळत होती. मी मालकी माझ्या नावावर घेतली. एक हिरवी पट्टी सावकाश डावीकडून उजवीकडं गेली आणि फोल्डर उघडला.

आत नुसते फोटो होते. एकेक करून ते उमटायला लागले. नाना बाल्कनीत ब्रश घेऊन बसलेत, दातांत जीभ, समोर बघून रागावल्याचं सोंग करताहेत. श्रीरंग सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेत. स्वरदाचा पुढचा दात पडलाय आणि ती ओठ फाकवून खिंड दाखवतेय. मी पेटीसमोर बसलेय, एक हात पुढं करून, 'नको गं काढूस' म्हणणारा. शेवटचे काही फोटो ह्याच महिन्यातले होते. मी कैऱ्या किसतेय, पाठमोरी. स्वरदा पालथी झोपलेली. मी निळी बादली पाइपखाली सरकवतेय.

शंभर फोटो असतील. सगळ्यांत आम्हीच चौघं. ती कुठंच नाही, कारण फोटो तिनं काढलेले. जुन्या फोटोंत आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो. मी इतक्या मायेनं कुणाकडं बघत असेन, हे मला आरशातही कधी दिसलं नव्हतं.

एका फोटोत मात्र बादल्या ओळीनं मांडलेल्या होत्या, रंग ओला. कडेला फोटो काढणारीचाच दुसरा हात आला होता, रंगाचा डबा धरलेला. करंगळी आत वळलेली. माझी आहे तशी, माझ्या आईची होती तशी. निळ्या बादलीवर नानांनी नुकतीच लाल रेघ ओढलेली. वरची आडवी रेघ फक्त. अक्षर अजून काढायचं होतं.

"पुढचा," श्रीरंग म्हणाले.

पुढचा नव्हता. बादल्या रंगवतानाचा तेवढा एकच फोटो होता. नाव कुठंच नव्हतं. फायलींना नुसते आकडे.

मी ज्या खुर्चीवर बसले होते तिची बैठक सुस्स आवाज करून खाली आली, एकदम, कुणीतरी उठल्यावर दांडी सोडावी तशी. माझे पाय फरशीला टेकले. मी परवानग्यांची यादी उघडली. त्यात माझं एकटीचं नाव होतं.

"कुणी काढले हे फोटो?" नाना चष्मा वर करून मागं येऊन उभे राहिले. "छान आलेत. टायमर लावला होता काय?"

मी श्रीरंगकडं पाहिलं. ते स्क्रीनकडं बघत होते, जरा गोंधळून.

"असेल," ते म्हणाले. "मीच लावला असेन."

८

पुढच्या खेपेला अजिनाथला मी मुद्दाम विचारलं. "ती उंच मुलगी आठवते का रे, पाइप धरणारी?"

"कोण पोरगी, ताई? पाइप तर कायम तुमीच धरता की."

नानांनी चार बादल्या भरल्या आणि पाइप ड्रमात सोडला. मी निळी पुढं केली, तर म्हणाले, "ती फरशीची. तिला उरलंसुरलं घाल." मी ती काठोकाठ भरली आणि बाथरूममध्ये नेऊन ठेवली. शेजारी धुतलेला मग, कोरा टॉवेल.

अडगळीच्या खोलीतलं टेबल आता सगळ्या घरासारखंच धुळीनं भरतं. सकाळी उठल्यावर मी आधी कॉम्प्युटर लावते आणि स्क्रीनवरची नावं मोठ्यानं वाचते. स्वरदा हसते. स्वरदाचं नाव मी दोनदा वाचते.

त्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी निळी बादली भरलेलीच होती. संध्याकाळीही. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावर धुळीची साय धरली. त्या वर्षी पाणी फेकून देण्याची कुणाची छाती नव्हती. मी त्यात चादरी भिजवल्या. वाकून चोळता चोळता मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून पटकन वळले आणि म्हटलं, "अगं..."

मागं कुणी नव्हतं. आणि असतं, तरी पुढं काय हाक मारायची ते मला येत नव्हतं.